फाइल उघडताना पुन्हा पुन्हा एरर येते? फॉरमॅट करण्याआधी हे करून पाहा

वर्डच्या फायलीवर डबल क्लिक केले की विंडो पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येते आणि थोड्या वेळाने सगळे बंद होते. पुन्हा उघडले की पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनच सल्ले मिळतात. पहिला, ‘ऑफिस काढून पुन्हा टाका’. त्याने भागले नाही तर दुसरा, ‘फॉरमॅट मारा’. हे दोन्ही उपाय शेवटचे आहेत. फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवरच्या फायली जातात, जुने मराठी फॉन्ट जातात, प्रिंटरची सगळी जुळणी जाते. आणि दोष त्या एका फायलीतच असला, तर ती नव्या विंडोजमध्येही उघडत नाही.

गोव्यातल्या डिचोली, साखळी, पेडणे, वाळपई, फोंडा या भागांत मराठीतून चालणारे काम खूप आहे. देवस्थानचा जमाखर्च, महाजनांच्या याद्या, नाटकांच्या संहिता, शाळेच्या प्रश्नपत्रिका, महिला मंडळांचे ठराव. ते सांभाळणारी माणसे संगणकाचे शिक्षण घेतलेली असतातच असे नाही, आणि बहुतेकदा फायलीची एकच प्रत त्यांच्याकडे असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तो विंडोज १० आणि ११ धरून लिहिला आहे. मेनूंची नावे पडद्यावर इंग्रजीत दिसतील, इथे ती उच्चारानुसार दिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो. एरर दाखवणारा प्रोग्राम एक आणि दोष भलतीकडेच, असे फार वेळा असते. वर्ड बंद पडते, पण कारण प्रिंटर असतो. पीडीएफ उघडत नाही, पण ती मुळात पूर्ण डाउनलोडच झालेली नसते. म्हणून आधी दोषाची जागा शोधा, मग दुरुस्तीला हात घाला.

हात लावण्याआधी

एररच्या चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. पूर्ण मजकूर आणि आकडे दिसले पाहिजेत. ‘अनरीडेबल कंटेंट’, ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’, ‘अनेबल टू स्टार्ट करेक्टली’ हे तीन निरोप तीन वेगळ्या दिशांना नेतात. ‘काहीतरी एरर येते’ एवढेच सांगितले तर टेक्निशियनलाही अंदाजच करावा लागतो.

मग फाइल कॉपी करून डेस्कटॉपवर ठेवा, तिला छोटे नाव द्या आणि यापुढचे सगळे प्रयोग या प्रतीवरच करा. मूळ फायलीला हात लावू नका. फाइल पेन ड्राइव्हवरून, ईमेलमधून किंवा व्हॉट्सॲपमधून थेट उघडत असाल तर ती सवय मोडा. डेस्कटॉपवर आणल्यावर फाइल सरळ उघडली, तर दोष पेन ड्राइव्हचा किंवा नेटवर्कचा होता आणि काम इथेच संपले.

दोष कुठे आहे ते शोधा

१. स्टार्ट मेनूमधून नुसते वर्ड उघडा, कोणतीही फाइल न देता. कोरे वर्डच बंद पडत असेल तर फायलीचा काही दोष नाही.

२. कोरे वर्ड नीट उघडले, तर पूर्वी नीट उघडणारी दुसरी एखादी फाइल उघडा. ती उघडली तर संशय पहिल्या फायलीवर.

३. तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर उघडून पाहा. तिथेही उघडली नाही तर फाइल बिघडली आहे हे जवळजवळ नक्की.

४. वर्ड, पीडीएफ, फोटो सगळेच अडत असेल, तर विंडोज किंवा हार्ड डिस्क तपासायला हवी.

सोबत हेही आठवा, की हे कधीपासून सुरू झाले? नवा प्रिंटर जोडला, कुठून तरी फॉन्ट टाकला, अँटिव्हायरस बदलला, विंडोज अपडेट झाली, काम चालू असताना वीज गेली. यांतले जे आधी घडले ते कागदावर लिहा. आणि एका वेळी एकच बदल करा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरे झाले ते कळत नाही, आणि महिन्याभराने तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

फाइलच बिघडली असेल तर

फायलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि साइज पाहा. शून्य केबी असेल तर आत काहीच नाही. पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा. एकदोन केबी आणि चित्रावर छोटा बाण असेल, तर ती फाइल नसून शॉर्टकट आहे. झेरॉक्सच्या दुकानांतून फिरलेल्या पेन ड्राइव्हवर असे शॉर्टकट बनवणारा व्हायरस नेहमी सापडतो. तो खऱ्या फायली लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. त्यावर क्लिक करू नका. आधी विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण पेन ड्राइव्ह स्कॅन करा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ समोरची खूण काढा. खऱ्या फायली बहुतेकदा तिथेच असतात.

‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ आले तर फाइल दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे, किंवा मागच्या वेळी वर्ड अर्ध्यात बंद पडले होते. फाइल उघडताना वर्ड त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल तयार करते. तिच्या नावाची सुरुवात ‘~$’ या खुणांनी होते. वर्ड नीट बंद झाले की ती आपोआप जाते, अर्ध्यात पडले तर राहते. टास्क मॅनेजरमधून वर्ड पूर्ण बंद करा आणि ती छोटी फाइल तेवढी काढा.

ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायलीवर विंडोज ‘ही इंटरनेटवरून आली’ अशी नोंद ठेवते. त्यामुळे ती प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये, म्हणजे नुसती वाचता येईल अशी, उघडते आणि कधी कधी तिथेच अडते. प्रॉपर्टीजच्या पहिल्या पानावर तळाशी ‘अनब्लॉक’ दिसेल. तिथे खूण करून ओके करा. मात्र पाठवणारा ओळखीचा असेल आणि फाइल त्यानेच पाठवली याची खात्री असेल तरच. इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो, म्हणजे फायलीत भरलेल्या छोट्या आज्ञा, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली. तेव्हा वर दिसणाऱ्या लाल पट्टीला एरर समजू नका. ती तुमच्या भल्यासाठी आहे.

मराठी नावांची एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. फायलीचा पूर्ण पत्ता, म्हणजे सगळ्या फोल्डरांची नावे धरून, साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. एक्सेलची मर्यादा तर २१८ अक्षरांची आहे. आणि संगणक काना-मात्रा-हलन्त वेगळे मोजतो. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर वाटते, पण तिथे ती सहा भरतात. ‘श्री देवस्थान वार्षिक सर्वसाधारण सभा इतिवृत्त’ अशा फोल्डरमध्ये तसेच लांब नावाचे दुसरे फोल्डर, त्यात तिसरे, असे असले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. डेस्कटॉपवर छोट्या नावाने कॉपी करायला सांगितले ते यासाठीही.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. वर्ड किंवा एक्सेल उघडा, फाइल, ओपन, ब्राउझ असे जाऊन फाइल निवडा. ‘ओपन’ बटणाच्या कडेला छोटा बाण आहे, त्यावर क्लिक केल्यावर ‘ओपन अँड रिपेअर’ दिसते. ते निवडा. जमले नाही तर लिबर ऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात उघडून पाहा. वर्ड नाकारते ती फाइल ते पुष्कळदा उघडते. मांडणी थोडी हलेल, पण मजकूर हाती लागेल. जुन्या डॉट डॉक फायलीसाठी ओपनच्या चौकटीतच फायलीचा प्रकार ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ असा निवडता येतो.

यानेही भागले नाही तर प्रत नोटपॅडमध्ये उघडा. २००७ च्या ऑफिसपासून आलेली डॉट डॉक्स फाइल म्हणजे खरे तर एक झिप असते, आणि नोटपॅडमध्ये तिची सुरुवात इंग्रजी ‘पी’ आणि ‘के’ या दोन अक्षरांनी होते. (पासवर्ड घातलेली किंवा जुनी डॉट डॉक फाइल असेल तर ही अक्षरे दिसणार नाहीत.) ‘पीके’ दिसले तर प्रतीच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि उघडा. आत ‘वर्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘मीडिया’त तुमचे फोटो असतात आणि ‘डॉक्युमेंट’ नावाच्या फायलीत मजकूर.

सुरुवातीला ‘एचटीएमएल’ असे शब्द दिसले, तर तुम्ही कागदपत्र नव्हे, वेबसाइटचे एखादे पान डाउनलोड केले आहे. लॉगिनची मुदत संपल्यावर डाउनलोडचे बटण दाबले की असे होते. पुन्हा लॉगिन करून उतरवा.

आणि नोटपॅडमध्ये सगळे कोरेच दिसले, साइज मात्र व्यवस्थित असली, तर सेव्ह होत असतानाच वीज गेलेली असू शकते. अशा फायलीत नुसती शून्ये भरलेली असतात. तिथे दुरुस्त करायला काही उरलेले नसते, म्हणून पैसे घेऊन ‘रिपेअर’ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. त्याऐवजी वर्डमध्ये फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ पाहा. वनड्राइव्ह वापरत असाल तर व्हर्जन हिस्ट्री पाहा. कोणाला व्हॉट्सॲपवर आधीची प्रत पाठवली होती का, तेही आठवा.

प्रोग्राम अडत असेल तर

कीबोर्डवरचे कंट्रोल बटण दाबून धरा आणि वर्डच्या चित्रावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडायचे का, असे विचारले की हो म्हणा. सेफ मोडमध्ये वर्ड नीट चालले तर दोष वर्डचा नाही, त्याला बाहेरून जोडलेल्या एखाद्या ॲड-इनचा (जोड सॉफ्टवेअरचा) किंवा टेम्प्लेटचा (नव्या फायलीच्या साच्याचा) आहे. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथे जा, खाली ‘कॉम ॲड-इन्स’ निवडून ‘गो’ दाबा आणि सगळ्यांसमोरच्या खुणा काढा. मग एकेक चालू करत वर्ड बंद-उघड करा. ज्याच्यानंतर बिघडेल तो दोषी. पीडीएफ बनवणारी जुनी सॉफ्टवेअर इथे वारंवार सापडतात.

ॲड-इन निर्दोष निघाले तर टेम्प्लेट पाहा. वर्ड बंद करा, विंडोज बटण आणि आर दाबून रन उघडा. तिथे टक्क्याची खूण, त्याला चिकटून ‘ॲपडेटा’ हा शब्द इंग्रजीत, पुन्हा टक्क्याची खूण असे टाइप करा. उघडलेल्या फोल्डरमधून मायक्रोसॉफ्ट, मग टेम्प्लेट्स. तिथल्या ‘नॉर्मल’ नावाच्या फायलीचे नाव बदलून ‘नॉर्मल जुने’ करा. डिलीट करू नका, कारण तुमच्या स्टाइल्स आणि मॅक्रो तिच्यात असतात. वर्ड पुढच्या वेळी नवी फाइल स्वतः बनवते.

प्रिंटरबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण तिथे कोणी बघत नाही. पान कसे मांडायचे हे ठरवताना वर्ड डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे तो प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, विचारते. समितीच्या कार्यालयात किंवा शाळेत प्रिंटर पलीकडच्या कॉम्प्युटरला जोडलेला असतो आणि तो कॉम्प्युटर बंद असतो. मग वर्ड उत्तराची वाट पाहत थांबते, आणि ड्रायव्हर खराब असेल तर कोसळतेच. सेटिंग्जमध्ये ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’ उघडा, ‘लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर’ बंद करा आणि ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ला डिफॉल्ट करा. मग वर्ड उघडून पाहा. फाइल उघडायला मिनिट-मिनिट लागत असेल तर माझा पहिला संशय नेहमी प्रिंटरवर असतो. याने फरक पडला तर खऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर काढून कंपनीच्या साइटवरून नवा घ्या.

विंडो काळी-पांढरी होऊन चमकत असेल तर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, डिस्प्ले इथे हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहा. एक्सेल उघडते पण फाइल येत नाही, ‘सेंडिंग द कमांड’ असा निरोप येतो, तर एक्सेलच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधली ‘इग्नोर अदर ॲप्लिकेशन्स’ ही खूण काढा.

एवढे करूनही जमले नाही, तर मग ऑफिसची दुरुस्ती. सेटिंग्ज, ॲप्स, ऑफिस, ‘मॉडिफाय’. आधी ‘क्विक रिपेअर’, मग ‘ऑनलाइन रिपेअर’. दुसऱ्याला चांगले इंटरनेट लागते आणि वेळही, म्हणून मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवून मगच सुरू करा. ऑफिस क्रॅक केलेले असेल तर हे उपाय बहुधा लागू पडत नाहीत. अँटिव्हायरस त्याचे तुकडे काढत राहतो आणि एरर परत परत येत राहतात. त्यापेक्षा लिबर ऑफिस घ्या. ते पूर्ण मोफत आहे आणि कायदेशीरही.

‘०एक्स सी०००००७बी’ या आकड्याची एरर बहुतेकदा ३२ बिट आणि ६४ बिट भागांच्या सरमिसळीमुळे येते. तो प्रोग्राम काढून पुन्हा टाका आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचे ३२ आणि ६४ बिटचे दोन्ही संच घ्या. सुटी ‘डीएलएल’ फाइल देणाऱ्या साइटवरून काहीही उतरवू नका.

पीडीएफ

पीडीएफ आधी एज किंवा क्रोममध्ये ओढून टाका. तिथे उघडली तर फाइल चांगली आहे. ॲडोबी रीडरमध्ये हेल्प, ‘रिपेअर इन्स्टॉलेशन’ करा. ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते, तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरे आणि जन्मवर्ष.

डिजिटल सहीच्या सरकारी कागदांवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘व्हॅलिडिटी अननोन’ दिसते, आणि जमिनीचा किंवा दाखल्याचा कागद खोटा निघाला की काय म्हणून लोक घाबरतात. सही देणाऱ्या संस्थेची ओळख रीडरला पटलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कागद अधिकृत साइटवरूनच घेतला असेल तर सहीवर राइट क्लिक करा आणि सिग्नेचर प्रॉपर्टीजमधून सर्टिफिकेट उघडा. वरचे ‘सीसीए इंडिया’ निवडून ‘ट्रस्ट’मध्ये विश्वासू यादीत टाका आणि सही पुन्हा तपासा.

मराठीच्या जागी गिचमिड किंवा चौकोन

जुनी संहिता उघडली आणि पानभर इंग्रजी अक्षरे-चिन्हांची गिचमिड दिसली, तर फाइल बिघडलेली नसते. ती श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नसतो. मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीतले नाव वाचा, नेमका तोच फॉन्ट मिळवा, किंवा युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, बदलणारा कन्व्हर्टर वापरा. गिचमिड असतानाच सेव्ह करू नका आणि सगळा फॉन्ट मंगल करू नका. मूळ फॉन्टचे नाव गेले की कोणता कन्व्हर्टर लावायचा तेही कळत नाही. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घाला, चुका तिथेच राहतात.

चौकोन दिसत असतील, किंवा मंगल, कोकिळा हे फॉन्ट सापडत नसतील, तर सेटिंग्जच्या ऑप्शनल फीचर्समधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ टाका. आणि नवा फॉन्ट टाकल्यापासूनच वर्ड कोसळू लागले असेल तर तो फॉन्ट काढून पाहा. बिघडलेला एक फॉन्ट सगळे ऑफिस पाडू शकतो.

विंडोज आणि डिस्क

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. कोणत्या दिवशी काय कोसळले ते लाल फुलीने दिसेल. फुलीवर क्लिक करून तपशिलात ‘मॉड्यूल’समोरचे नाव वाचा. तिथे ऑफिसऐवजी प्रिंटरच्या किंवा अँटिव्हायरसच्या कंपनीचे नाव असेल तर आधी तिकडे वळा. हाच तपशील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन विभागात १००० क्रमांकाच्या नोंदीत मिळतो.

नवे यूजर खाते बनवून त्यात तीच फाइल उघडून पाहा. तिथे उघडली तर जुन्या खात्याच्या सेटिंग्ज बिघडल्या आहेत, आणि फॉरमॅटऐवजी नव्या खात्यात फायली हलवणे पुरे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा करा. विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि २०१९ या तिघांची नियमित साथ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यांवर जमाखर्च सांभाळत असाल तर बदलाची तजवीज करा.

पावसाळ्यात वीज अचानक जाते आणि गडगडाटही होतो, म्हणून डेस्कटॉप कॉम्प्युटरला यूपीएस हवाच. ऑटो रिकव्हर, म्हणजे आपोआप प्रत ठेवण्याची सोय, मुळात दर १० मिनिटांनी चालते. ऑप्शन्समध्ये ‘सेव्ह’खाली ते २ मिनिटे करा. पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा.

कॉपी करताना मध्येच थांबत असेल, फोल्डर उघडायला फार वेळ लागत असेल किंवा हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर वरचे सगळे उपाय थांबवा. चेक डिस्क ही विंडोजची डिस्क तपासणीही चालवू नका, मरणाऱ्या डिस्कवर तिचा भार पडतो. बाहेरची डिस्क जोडा आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्या फायली आधी कॉपी करा, मग बाकीच्या. जुनी डिस्क मध्येच अडली तर तिला पुन्हा पुन्हा चालू-बंद न करता कॉम्प्युटर बंद करून डिस्क डेटा काढून देणाऱ्याकडे न्या, आणि सुरुवातीला काढलेला एररचा फोटोही त्याला दाखवा.